कॉन्ट्रा गेम जमेना झालाय. दोष वयाचा की टीव्हीचा?

वारणाकाठ:

मंडळी, प्रश्न दोन ओळींचा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला जमत नाही. सांभाळून घ्या.

१९९६ च्या दिवाळीत बाबांनी बोनसच्या पैशातून आम्हा दोघा भावांना व्हिडिओ गेम आणून दिला. सांगलीत तेव्हा त्याला कन्सोल वगैरे कुणी म्हणत नसे. लाल-पांढरी पेटी म्हणजे व्हिडिओ गेम, आणि तिच्या डोक्यावर खोचायची पिवळी वडी म्हणजे कॅसेट. सोबत आलेल्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही वही घेऊन मोजायला बसलो, तर खरोखर वेगळे असे गेम निघाले एकवीस. बाकी सगळा तोच मारिओ, कुठे दुसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठे टोपीचा रंग बदललेला.

कॉन्ट्रा, म्हणजे दोघांनी मिळून गोळ्या झाडत पुढे जायचा गेम, मात्र त्यात नव्हता. तो गणपती पेठेतल्या एका लायब्ररीतून दिवसाला पाच रुपये भाड्याने आणायचो. शनिवारी संध्याकाळी आणली की रविवार फुकटात पडायचा, म्हणून शनिवारीच. मी निळा, धाकटा लाल. ते तीस लाईफचं कोड आम्हाला ठाऊकच नव्हतं, कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यामुळे जे काही खेळलो ते तीन-तीन लाईफवर, आणि आठवी स्टेज पार करून त्या धडधडणाऱ्या काळजाला गोळ्या घालेपर्यंत खेळलो. फुशारकी नाही, धाकट्याला विचारा.

आता धाकटा नाशिकला असतो, दिवाळीला माझ्याकडे पुण्याला येतोय. म्हटलं त्याला चकित करू. ऑनलाइन तशीच लाल-पांढरी पेटी दिसली, साडेअकराशे रुपये, मागवली. कॅसेटसुद्धा पिवळीच आली. त्रेचाळीस इंची एलईडीला पिवळी-पांढरी पिन लावली, आणि तो आवाज आला हो! अंगावर काटा आला.

पुढे मात्र फजिती. उडीचं बटण दाबलं की बिल रायझर (म्हणजे गेममधला माझा निळा गडी) आधी जरा विचार करतो, मग उडतो. पहिल्या स्टेजला पाणी आहे ना, त्यात खाली दाबून डुबकी मारायची आणि गोळी डोक्यावरून जाऊ द्यायची, ही माझी खासियत. आता डुबकी मारेपर्यंत गोळी लागून गेलेली असते. फुटणाऱ्या पुलाच्या अलीकडेच तिन्ही लाईफ खलास. आणि हे तर अजबच: शत्रूच्या काही गोळ्या दिसतच नाहीत. मी मरतो, तेव्हा कळतं की गोळी होती.

तेरा वर्षांची मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमचे रिफ्लेक्स गेले." मी चव्वेचाळीसचा आहे. चाळिशीचा चष्मा गेल्याच वर्षी लागला. तिचं खरं असेल तर गपचूप पेटी परत करतो आणि धाकट्याबरोबर पत्ते खेळतो. पण पेटीचा किंवा टीव्हीचा दोष असेल, तर काय घेऊ ते सांगा. जपानचा अस्सल फॅमिकॉम, ज्याची ही पेटी नक्कल आहे? की मुलीच्या पीएस ४ वर, म्हणजे प्लेस्टेशनवर, काही मिळतं? की हल्ली दिसते ती टीव्हीत खोचायची 'दहा हजार गेम'वाली काडी? बजेट आठ हजार, ताणून दहा.

डागडुजी:

वारणाकाठ, वयावर ढकलण्याआधी टीव्हीची झडती घ्या. आमचं डोंबिवलीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांच्या हाताखाली शिकलोय, म्हणून जरा अधिकाराने बोलतो.

जुना डबा टीव्ही सिग्नल येईल तसा काचेवर रंगवत जायचा. साठवणं नाही, विचार करणं नाही. तुमचा एलईडी काय करतो? आलेलं चित्र आधी डिजिटल करतो, एक-दोन फ्रेम (म्हणजे एकेक सुटं चित्र) धरून ठेवतो, ताणून त्रेचाळीस इंचाचं करतो, वर रंग खुलवतो, मग दाखवतो. बातम्या बघताना काय फरक पडतो? काही नाही. गेममध्ये मात्र तुम्ही बटण दाबता आज आणि बिल उडतो उद्या. ही पेटी सेकंदाला ५० फ्रेम काढते, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले की तुम्ही पाच फ्रेम मागे. कॉन्ट्रात पाच फ्रेम म्हणजे एक लाईफ.

गायब गोळ्यांचं वेगळंच आहे, आणि ते ऐकून मला बरं वाटलं, कारण दोष तुमच्या डोळ्यांचा नाही याचा तो पुरावाच आहे. फॅमिकॉमच्या चित्राच्या चिपला एका आडव्या ओळीत आठच हलते तुकडे दाखवता येतात. गर्दी झाली की गेम त्यांची पाळी लावतो, या फ्रेमला हे आठ, पुढच्या फ्रेमला ते. म्हणून लहानपणी गोळ्या लुकलुकायच्या, आठवतंय का? आता ही पेटी २४० च्या आसपास ओळींचं साधं चित्र पाठवते आणि बऱ्याच नव्या टीव्हींना ते ओळखू येत नाही. दोन अर्धी चित्रं आहेत असं समजून ते त्यांना एकत्र विणायला बसतात. त्या विणकामात लुकलुकणारी गोळी कधीकधी साफ गळून पडते.

मोजायचं असेल तर मोबाइलचा स्लो मोशन लावा, २४० फ्रेमचा. अंगठा आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असं धरा. बटण दबल्यापासून बिलचे पाय सुटेपर्यंत फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. टीव्हीत गेम मोड (म्हणजे ही कारागिरी कमी करायची सोय) असेल तर लावून पुन्हा मोजा. तीन-चारशे रुपयांची एव्ही (तीच पिवळी-पांढरी पिन) ते एचडीएमआय डबी घेण्याच्या फंदात पडू नका, तीही तेच विणकाम करते.

माझा सल्ला: पेटी ठेवा, टीव्ही बदला. म्हणजे जुना टीव्ही शोधा. फक्त हौसेने त्याचं मागचं झाकण उघडू नका. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि पिन काढल्यावरही ट्यूब ते धरून बसते. वडिलांच्या उजव्या हाताचा अंगठा एकदा आठवडाभर बधिर होता.

निशिकासाई:

दादा, जपानच्या फॅमिकॉमबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी तोक्योत राहते, माहेर साताऱ्याचं. हा उपद्व्याप मी करून बसले आहे.

इथे जुना फॅमिकॉम मिळणं अवघड नाही. अकिहाबारात सुपर पोटॅटोसारखी जुन्या गेमची दुकानं आहेत, आणि सेकंडहँड मालाच्या दुकानांत 'जंक' म्हणून टोपल्या भरून ठेवलेल्या असतात. जंक म्हणजे चालेल न चालेल, तक्रार चालणार नाही. पण १९८३ चा मूळ फॅमिकॉम भारतात नेऊन उपयोग नाही. तो अँटेनाच्या पिनीतून जपानी चॅनलवर चित्र पाठवतो, आपल्या टीव्हीला ते सापडतच नाही. त्याचे दोन्ही पॅड पेटीलाच कायमचे जोडलेले असतात, आणि दुसऱ्या पॅडला स्टार्टचं बटणच नाही, त्याजागी चक्क माइक! मी १९९३ मध्ये आलेलं एव्हीवालं मॉडेल घेतलं.

साताऱ्याला पोचले आणि आंघोळ करून बाहेर येईपर्यंत माझ्या भावाने त्याचा अडॅप्टर थेट बोर्डात खोचला होता. जपानचा अडॅप्टर १०० व्होल्टचा, आपली वीज २३० ची. 'टप्' असा आवाज, मग करपलेला वास, मग भावाचा चेहरा. नशिबाने पेटी वाचली. मग तो म्हणाला, थांब, राउटरचा अडॅप्टर लावतो. मी हात धरला. फॅमिकॉमच्या पिनीत मधलं टोक ऋण असतं, आपल्याकडच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तेच धन. शेवटी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, गेमपेक्षा जड.

मग जुन्या टीव्हीवर चित्र आलं ते काळं-पांढरं. टीव्हीच्या सिग्नलची पद्धत जपानची एनटीएससी, आपली पाल. टीव्हीच्या मेनूत सिस्टिम बदलल्यावर रंग आले. हे तुमच्या टीव्हीत नसेल तर काळंपांढरंच खेळा.

एवढं करून कॉन्ट्रा लावला (इथे वर तीन कांजी लिहिलेल्या असतात आणि म्हणतात 'कोंतोरा'; मारिओची कॅसेट टोपलीत पडलेली असते, ही काचेच्या कपाटात असते). पाहते तर काय, पहिल्या स्टेजचे माड वाऱ्यावर हलताहेत! बर्फाच्या स्टेजला बर्फ पडतोय! दोन स्टेजच्या मधे नकाशा येतो. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची, म्हणजे गेम काढणाऱ्या कंपनीची, स्वतःची वेगळी चिप आहे, तिच्या जिवावर हे सगळं. अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये ते काढून टाकलं होतं.

पण भाऊ पाच मिनिटांत पॅड ठेवून म्हणाला, "ताई, हे पळतंय." मलाही वाटलं. आमचा लहानपणीचा कॉन्ट्रा असा धावत नव्हता. हे का, ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

डागडुजी:

निशिकासाई, तुमचे बंधू अचूक बोलले. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० चित्रांचा, आपल्याकडे ५० चा. आपल्याकडे आलेल्या नकली पेट्या पालसाठी बनवलेल्या होत्या, म्हणजे ५० वर चालणाऱ्या. आणि हे गेम घड्याळ बघत नाहीत, फ्रेम मोजतात. एका फ्रेमला बिल अमुक पाऊल पुढे, एवढंच त्यांना कळतं. साठच्या जागी पन्नास फ्रेम मिळाल्या की अख्खा खेळ सुमारे १७ टक्के सावकाश. गाण्याची पट्टी जवळपास तीच, लय मात्र विलंबित. आपण सगळे तो विलंबित कॉन्ट्रा खेळून वाढलो, आणि द्रुत ऐकला की दचकतो.

एकच_कंटिन्यू:

एवढा ट्रान्सफॉर्मर आणि माड कशाला लागतात, राव. घरात पीएस ४ आहे ना? कोनामीनेच २०१९ मध्ये 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' काढलंय. त्यात १९८७ चा आर्केडचा कॉन्ट्रा, घरचा कॉन्ट्रा, सुपर सी, सुपर निन्टेंडोवरचा तिसरा भाग, मेगा ड्राइव्हवरचा हार्ड कोअर, सगळं आहे. हवं तिथे सेव्ह करता येतं. पीएस ४ एचडीएमआयने जोडलेला असतो, त्यावर टीव्हीचा गेम मोडही चालतो. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात दिसतंय का बघा आणि मोकळे व्हा. नवा हवा असेल तर २०२४ चा ऑपरेशन गलुगा आहे, पण तुमच्या धाकट्याला तो नकोय हे मलाही कळतं.

एक गंमत: युरोपात घरच्या पेटीवर याच गेमला 'प्रोबोटेक्टर' म्हणत आणि माणसांच्या जागी रोबो होते. आपल्याकडे पेटी युरोपच्या वेगाने चालायची आणि माणसं माणसंच राहिली. चोरीच्या मालाचा फायदा.

काडी घेऊ नका. तिच्यात अस्सल चिपची नक्कल सॉफ्टवेअरने केलेली असते, पॅड वायरलेस, वर तुमचा टीव्ही. तिघांनी मिळून उशीर केला की मग मुलीचंच खरं ठरेल. आणि दहा हजार गेममध्ये एकवीस निघाले तरी मिळवली.

तीस लाईफचं कोड पाठ असेलच: वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, आणि दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने १९८६ मध्ये कोनामीच्याच ग्रेडियस या गेमची घरगुती आवृत्ती करताना ते बनवलं, कारण तपासायला बसल्यावर त्याला स्वतःलाच तो गेम झेपेना. त्यामुळे वापरायला लाज बाळगू नका.

वारणाकाठ:

लाज नाही, पण धाकट्याला शब्द दिलाय, कोड नाही.

मोजलं. मुलीने मोबाइल धरला, मी बटण दाबलं. एलईडीवर चौतीस फ्रेम! म्हणजे १४० मिलिसेकंद. गेम मोड एव्हीच्या पिनीवर लागतच नाही, ती ओळ मेनूत राखाडी दिसते. मुलीला आकडा दाखवला. "ओके," म्हणाली. तेवढंच.

रविवारी जुन्या बाजारात जाऊन येतो.

वारणाकाठ:

उशिरा लिहितोय, दिवाळी आटपून.

जुन्या बाजारात एका ताडपत्रीवर एकवीस इंची टीव्ही मिळाला. शेजारी कढया, पान्यांचा ढीग आणि एक सुटा वॉशबेसिन. विक्रेत्याने कुठूनशी वायर ओढून चालू करून दाखवला. मुंग्या आल्या. किती वर्षांनी मुंग्या बघितल्या मी! सातशे रुपये सांगितले, पाचशे दिले, आणि रिक्षावाल्याने मात्र घासाघीस न करता दोनशे घेतले, कारण मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला हलता येत नव्हतं. बायकोने दारातच विचारलं, हा परत कधी जाणार? मी म्हटलं भाऊबीजेनंतर. (अजून गेलेला नाही.)

कॅसेट आधी लागेना. फुंकर मारली, सवयच ती. मग आठवलं की तोंडाच्या वाफेने पिना काळ्या पडतात, म्हणून मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन पिना हलक्या हाताने घासल्या. लागली. पुन्हा मोजलं: नऊ फ्रेम. ३७-३८ मिलिसेकंद. आणि गोळ्या परत आल्या, लुकलुकत, पण सगळ्या.

धाकटा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आला. टीव्ही बघून बूट न काढता आत आला आणि पॅड उचलला. तो अजूनही लालच घेणारा. एक सांगतो, पहिली स्टेज आम्ही एकही लाईफ न घालवता काढली. त्या भिंतीखालचा लाल दिवा फुटला तेव्हा आतून आई म्हणाली, "आता तरी हात धुऊन फराळाला या." हात तर चकलीने आधीच तेलकट होते, पॅडवर डाग पडलेत.

तिसरी स्टेज धबधबा. जे खेळलेत त्यांना सांगायला नको. एकजण वर चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा मरतो. एवढ्या वर्षांत धाकटा लग्न करून, दोन मुलांचा बाप होऊन, बँकेत मॅनेजर झाला, पण वर चढायची घाई तीच. मी खाली, गोळी चुकवतोय, आणि हा वर. "थांब की रे!" "तू ये की!" तीनदा मेलो. चौथ्यांदा माझ्या लाईफ संपल्या तर त्याच्याकडून एक उसनी घेतली, त्यावरही भांडण, कारण १९९६ मधल्या दोन उसन्या मी परत केल्या नाहीत असं त्याचं म्हणणं. त्याची बायको म्हणाली, "हे तुम्ही दोघं खरंच भांडताय का?"

पाचव्या, बर्फाच्या स्टेजला दोघंही संपलो. (माझ्या कॅसेटमध्ये बर्फ पडत नाही, माडही हलत नाहीत. निशिकासाई, मी मुद्दाम बघितलं.) पुढच्या दोन दिवसांत अनेकदा बसलो, पाचव्याच्या पुढे काही गेलो नाही. तेव्हा डागडुजी, आपला हिशेब असा: १४० मधले शंभर टीव्हीचे होते, ते वसूल झाले. उरलेलं माझं. मुलीला तसं सांगितलं. ती तोवर पीएस ४ वर ते कलेक्शन घेऊन, तीस लाईफचं कोड मारून, सातव्या स्टेजला पोचली होती. साठ फ्रेमवर.

आता एक शेवटचं. त्या डब्यावर चित्र दिसतंय म्हटल्यावर धाकट्याला 'डक हंट' गेममधली बदकं मारायची आहेत, पडद्यावर बंदूक रोखून. ती बंदूक जुन्या टीव्हीवरच चालते हे कळलं, पण पेटीबरोबर आलेली नाही. कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर सांगा, खर्च देतो. फक्त तिच्या पिनीत नऊ टोकं आहेत की पंधरा, ते आधी मोजून सांगा. माझ्या पेटीला नऊवाली लागते.